पॉवर विंडोची काच अडते, रडत चढते, मध्येच थांबते: मोटर बदलण्याआधी काय काय बघायचं

जूनमध्ये पाऊस लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात काचेच्या तक्रारी सुरू होतात. गगनबावडा, राधानगरी बाजूच्या गाड्या आधी येतात, शहरातल्या मागोमाग. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो आणि पॉवर विंडो हे माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा परत येणारं काम आहे. गाडीवाला बहुतेक वेळा निदान सोबतच घेऊन येतो: "मोटर गेल्या, नवीच टाका." मोटर जाते हे खरं, पण ती जाण्यामागे काहीतरी कारण असतं. काच आवळून धरणारं रबर, दारात साठलेलं पाणी, अर्धी तुटलेली वायर. ते कारण तसंच ठेवून नवी मोटर बसवली तर तीसुद्धा त्याच वाटेनं जाते आणि गाडीवाल्याचे पैसे दोनदा जातात. म्हणून खाली लिहिलेल्या क्रमानंच बघा. सुरुवातीच्या तपासण्यांना खर्च जवळपास नाही आणि दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, तोही काढावा लागत नाही.

लक्षण नीट ओळखा, अर्धं काम तिथंच होतं

चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर मोटरचा विचार डोक्यातून काढा. चार मोटरी एकाच दिवशी जात नाहीत. दोष सगळ्यांना मिळून येणाऱ्या सप्लायमध्ये असतो: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), नाहीतर ड्रायव्हरच्या दारावरची बटणांची पट्टी.

एकच काच बंद आणि बटण दाबल्यावर आवाजच नाही, तर बटण, वायर किंवा मोटर यांपैकी काहीतरी. आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा काच धप्पकन दारात उतरली, तर मोटर चांगली आहे आणि काचेची मशीन गेली आहे. मशीन म्हणजे काच वर-खाली नेणारी आतली यंत्रणा. दुकानात तिला रेग्युलेटरही म्हणतात.

काच झटकन खाली जाते आणि वर येताना रडत येते, हे रबराचं लक्षण. खाली जाताना काचेचं वजन मोटरला मदत करतं, वर येताना तेच वजन विरुद्ध असतं, त्यामुळे घर्षण वाढलं की आधी वर येताना कळतं.

दार उघडं ठेवल्यावर चालते, बंद केल्यावर नाही (किंवा उलट), तर बिजागरीजवळची वायर. चार-पाच वेळा खाली-वर केल्यावर थांबते आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होते, तर मोटरच्या आतला उष्णतेचा कटआउट पडतोय. तो मोटर जळू नये म्हणूनच दिलेला असतो. पोरांनी खेळता खेळता सारखं बटण दाबलं असेल तर चिंता नको, पण साध्या वापरात तो पडत असेल तर मोटरवर जास्त ताण येतोय.

वर टेकल्यावर काच आपोआप परत खाली येते, हे वेगळंच प्रकरण. त्यावर खाली लिहिलंय.

लॉकचं बटण आणि बॅटरी

मागच्या काचा बंद, ड्रायव्हरची चालू, असं असेल तर ड्रायव्हरच्या पट्टीवरचं लॉकचं बटण आधी बघा. मुलांनी मागच्या काचांशी खेळू नये म्हणून ते दिलेलं असतं आणि गाडी पुसताना नकळत दाबलं जातं. एवढ्यासाठी कागलहून गाडी घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग इंजिन चालू करून काच चालवा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट देते, चालू असताना अल्टरनेटरमुळे १३.५ ते १४.५ पर्यंत मिळतात. त्यामुळे चालू गाडीत काच थोडी जोरात चढणं नैसर्गिक आहे. पण इंजिन बंद असताना चारही काचा मेल्यासारख्या आणि चालू केल्यावर एकदम ठणठणीत, एवढा फरक असेल तर आधी बॅटरी तपासा.

बॅटरी काढल्यावर किंवा बदलल्यावर

एका स्पर्शात पूर्ण वर जाणारी काच असेल तर तिच्या मोड्यूलला, म्हणजे ती चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला, काचेचं वरचं टोक कुठं आहे हे लक्षात ठेवावं लागतं. बॅटरी काढली की ती आठवण पुसते. मग काच तुकड्या-तुकड्यानं चढते, किंवा वर जाऊन परत येते. बऱ्याच गाड्यांत उपाय साधा आहे: इंजिन चालू ठेवा, काच पूर्ण खाली न्या, बटण धरून पूर्ण वर आणा आणि काच टेकल्यावरही काही सेकंद बटण सोडू नका. नेमकी रीत गाडीगणिक बदलते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. हे करून बघितल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

रीसेट करूनही काच परत येत असेल तर डोअर व्हायझर बघा. आपल्याकडच्या पावसात काच थोडी उघडी ठेवता यावी म्हणून पुष्कळ जण व्हायझर लावतात. त्यातला जो प्रकार काचेच्या खाचेत घुसवून बसवतात, तो खाच अरुंद करतो. काचेला वर जाताना अडथळा लागतो आणि गाडीला वाटतं की कुणाचं तरी बोट मध्ये आलंय, म्हणून ती काच खाली घेते. गाडीचं काही चुकत नाही. व्हायझर काढून एकदा काच चालवा. चालली तर बाहेरून चिकटणारा व्हायझर घ्या. बोट वाचवणारी ही सोय बंद करून देतो असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

रबर: सगळ्यात जास्त तक्रारी इथंच सुटतात

दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना उभी खाच असते. तिच्यात मखमलीसारख्या लवीचं रबर असतं आणि काच त्यातून सरकते. आपल्या भागात ते का भरतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो, ऊसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवताना धूळ, पाचटाचा चुरा सगळं काचेवर बसतं, आणि काच खाली घेतली की ते खाचेत उतरतं. उन्हाळाभर ते तिथं वाळत राहतं. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो, मग ऊन पडलं की तो कडक होतो. तीन-चार वेळा असं झालं की काच अक्षरशः आवळली जाते.

अशा काचेला वर ढकलायला मोटर जास्त करंट ओढते. जास्त करंट म्हणजे मोटर गरम, बटणाच्या आतले पॉइंट (एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे तुकडे) गरम, वायरीचे जोड गरम. पुढे जे काही बिघडतं त्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते. म्हणून दोष दुसरीकडे सापडला तरी रबर साफ केल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

तपासायची रीत: काच अर्ध्यावर आणा, कुणालातरी बटण दाबायला सांगा आणि तुम्ही काचेला दोन्ही तळहातांनी आतून-बाहेरून धरून हलकेच वर आधार द्या. बोटं वरच्या कडेवर ठेवू नका. तेवढ्या आधारानं काच झरझर चढली तर रबर आवळलंय किंवा मोटर अशक्त झाली आहे. रबर स्वस्त, म्हणून आधी रबर.

साफ करताना काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुनी फुटपट्टी घेऊन तिच्यावर सुती फडकं गुंडाळा, गाडी धुवायच्या शाम्पूच्या पाण्यात ओलं करून पिळा आणि खाचेत वरून खालपर्यंत फिरवा. फडकं काळं निघेल. धुवा, परत फिरवा. ते स्वच्छ निघेपर्यंत करा, कंटाळा करू नका. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा आणि काच काही वेळा खाली-वर करा.

सिलिकॉनच. इंजिन ऑइल नको, ग्रीस नको, डिझेल नको, खोबरेल तेलही नको. खनिज तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि कुठलंही चिकट तेल धूळ धरून ठेवतं. आठवडाभर काच छान चालते, मग आधीपेक्षा वाईट होते. रबर जागोजागी फाटलं असेल, खाचेतून सुटून गोळा झालं असेल तर साफ करून उपयोग नाही. ते बदला, मोटरच्या मानानं ते फार स्वस्त पडतं.

फ्यूज

फ्यूजचा डबा स्टेअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असतो आणि झाकणावर नकाशा असतो. पॉवर विंडोला साधारण २० ते ३० अँपिअरचा फ्यूज येतो. पात्याच्या फ्यूजमध्ये पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. चावी बंद करून फ्यूज उपसा, आतली तार तुटलीय का बघा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला.

नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा घालू नका आणि मोठा तर मुळीच घालू नका. फ्यूज वायरीच्या जाडीनुसार ठरवलेला असतो. वायर जळण्याआधी तो तुटावा यासाठी तो तिथं आहे. २० च्या जागी ३० घातला तर फ्यूज टिकेल आणि वायर तापेल, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत, गालिच्याखालून गेलेली असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेल्या गाड्या अजूनही येतात. ती तार मी आधी काढतो, मग पुढचं बोलतो.

बटण

मागच्या डाव्या-उजव्या दारांची बटणं पुष्कळ गाड्यांत सारखी असतात. बटण हळूच उपसून, कपलर (वायरींचा प्लग) काढून, अदलाबदल करा. दोष बटणाबरोबर दुसऱ्या दाराला गेला तर दोषी सापडला, दारातच राहिला तर बटण निर्दोष. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

ड्रायव्हरच्या पट्टीचं जरा समजून घ्या, कारण इथं चांगले मिस्त्रीही फसतात. साध्या पॉवर विंडोच्या मोटरला दोनच वायरी असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू) मिळाला की काच वर, उलट झालं की खाली. बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी अर्थला टेकलेल्या असतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या दाराच्या बटणाला हा अर्थ ड्रायव्हरच्या पट्टीतूनच येतो. म्हणजे मागची काच तिच्या स्वतःच्या बटणानं चालत नसेल तरी दोष ड्रायव्हरच्या पट्टीत असू शकतो. मागचं बटण नवं टाकून, मोटर नवी टाकून काच बंदच, अशी गाडी आली की मी सरळ पट्टी उघडतो.

पट्टी खराब होण्याचं इथलं ठरलेलं कारण म्हणजे पाणी. गाडीत बसताना मिटलेली ओली छत्री दाराकडून आत घेतली जाते आणि सगळं पाणी बटणांवर निथळतं. नाहीतर थोडी उघडी राहिलेली काच आणि रात्रभर पाऊस. आत गेलेल्या पाण्यानं पॉइंट हिरवट पडतात, आणि साध्या गाड्यांत मोटरचा पूर्ण करंट बटणातूनच जात असल्यामुळे ठिणगीनं ते काळेही होतात. पट्टी उघडता येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशनं साफ करून, पूर्ण वाळवून बसवा. पॉइंट काळे आणि खड्डे पडलेले असतील किंवा आजूबाजूचं प्लास्टिक वितळलं असेल तर पट्टी बदला, घासून उपयोग नाही.

बिजागरीजवळच्या वायरी

दार आणि बॉडीच्या मध्ये काळ्या रबरी नळीतून वायरी जातात. दार उघडलं-मिटलं की त्या वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं. काही वर्षांनी आतल्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

बटण दाबून धरा आणि दुसऱ्याला दार सावकाश उघडायला-मिटायला सांगा. मध्येच काच हलली की नळी एका टोकानं सोडा आणि आतली एकेक वायर हलकेच ओढून बघा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

पिळून टेप मारणं हा उपाय नाही. तिथं रोज वाक पडतो आणि पाणीही पोहोचतं. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर घेऊन जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी करा, सोल्डर करा आणि वर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा. एक तुटली असेल तर शेजारच्याही तपासा, त्यांचंही वय तेवढंच आहे.

आता पॅड काढायचा

इथपर्यंत दोष सापडला नाही तरच. हँडलमागचे, हात ठेवायच्या जागेखालचे स्क्रू काढा, मग प्लास्टिकच्या पात्यानं क्लिपा एकेक सोडवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं तर क्लिपा तुटतात आणि पॅड कायमचा खडखडतो. आत हात घालण्याआधी मोटरचा कपलर काढा. दारातल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

दोन वायरींच्या मोटरला सप्लाय पोहोचतो का हे बघायला माझी रीत अशी. मीटर लावला तर तो फसवतो: वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याऐवजी जुन्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून मोटरच्या कपलरला जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. वर आणि खाली, दोन्ही बटणांवर बल्ब लख्ख लागला तर सप्लाय ठीक आणि मोटर दोषी. मंद लागला किंवा एकाच बाजूला लागला तर मोटरला हात लावू नका, मागे जा: वायर, बटण, अर्थ. बल्ब पटकन तापतो, पॅडवर किंवा सीटवर ठेवू नका.

मोटर दोषी वाटली की कपलर लावून, कुणाला तरी बटण दाबायला सांगून मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. ती चालू पडली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले आहेत. थोडे दिवस चालेल, पण नव्या मोटरची तयारी ठेवा.

सप्लाय ठीक, मोटर फिरते, तरी काच हलत नसेल तर मशीन बघा. वायरच्या दोरीची मशीन विहिरीच्या रहाटासारखी चालते. दोरी उसवली किंवा काच धरणारी प्लास्टिकची गोटी तुटली की खरखर आवाज येतो आणि काच तिरकी होते किंवा घसरते. अशी मशीन पूर्ण सेट बदलणंच बरं. बोल्ट सोडण्याआधी काच पूर्ण वर धरून रुंद टेपनं चौकटीला पक्की बांधा. बाजूच्या काचा कडेला लागल्या की पूर्ण भुगा होतात.

पॅड उघडलाच आहे तर दाराच्या तळाची पाणी जाणारी भोकं बघा. काचेवरचं पावसाचं पाणी दारात उतरणारच, गाडीची रचनाच तशी आहे. ते खालून बाहेर गेलं पाहिजे. भोकं चिखलानं बुजली की पाणी साठतं, मोटर आणि दार दोन्ही गंजतात. पॅडमागचा प्लास्टिक कागद कडेनं पूर्ण चिकटवून परत लावा. तो पाणी पॅडपासून आणि पायाखालच्या गालिच्यापासून दूर ठेवतो. घाईचं काम करणारे तो फाडून टाकतात, म्हणून काम दुसऱ्याकडे दिलं तरी हा कागद परत लावलाय का हे पॅड बसवण्याआधी स्वतः बघा.

इथं थांबा, जाणकाराकडे जा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, जळका वास आला, वायर गरम लागली, तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडी इलेक्ट्रिशियनकडे द्या.

मोटरच्या कपलरला दोनापेक्षा जास्त वायरी असतील तर आत सेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं. तिथं बल्ब लावू नका, बॅटरीतून सरळ सप्लाय देऊ नका. स्कॅनर असलेल्या माणसाचं ते काम आहे.

काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. दारात पिवळा कपलर किंवा पिवळी वायर दिसली की हात मागे घ्या.

कैचीच्या आकाराच्या मशीनला मोठी गुंडाळी स्प्रिंग असते. मोटर सोडताच तिचे हात झटक्यात फिरतात आणि बोट सापडलं तर मोडतं. मशीन शिकंज्यात (बाकाला बसवलेल्या व्हाइसमध्ये) आवळल्याशिवाय तिची मोटर काढत नाहीत. ही करून बघायची गोष्ट नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर कापू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. आणि २०१९, २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी दारापर्यंत चढलेली गाडी असेल तर चावी फिरवून काच चालते का हेसुद्धा बघू नका. बॅटरी काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच हलवा.

काच खाली अडकली आणि पाऊस लागलाय

किणीच्या टोलनाक्यावर काच खाली घेतली आणि तिथंच अडकली, असा फोन पावसाळ्यात येतोच. गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन चालू ठेवा. वरचं बटण धरून दाराच्या पॅडवर, मोटरच्या अंदाजानं, तळहातानं दोन-तीन थापा मारा. नाही हलली तर बटण दाबलेलं ठेवून दार एकदा जरा जोरात लावा. काच थोडी वर दिसत असेल तर दोघांनी दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून, तिरकी न होऊ देता वर ओढा. वर आली की काच आणि चौकट पुसून कोरडी करा आणि रुंद पॅकिंग टेप आतून वर नेऊन चौकटीवरून बाहेर काचेवर उतरवा, दोन-तीन ठिकाणी. मग त्या दाराचं बटण कुणी दाबणार नाही असं बघा, मागची काच असेल तर लॉकचं बटण दाबून ठेवा. काही केल्या चढत नसेल तर सारखं बटण दाबत बसू नका, मोटर तापते. खिडकीला बाहेरून प्लास्टिक लावा, पट्टीवर कोरडं फडकं टाका आणि सावकाश जवळच्या इलेक्ट्रिशियनपर्यंत या.